वस्तादांची सुई

“वस्ताद, बाही वर घ्या जरा. अजून वर. खांद्यापर्यंत येऊ द्या,” डॉक्टर शिवांजली म्हणाल्या.

लालासाहेबांनी सदऱ्याची उजवी बाही ओढली आणि ती सरसर वर गेली. थेट खांद्यापर्यंत. ते आपल्याच दंडाकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात त्यांच्या कुठल्या सदऱ्याची बाही कोपराच्या वर चढली नव्हती. शिराळ्यातला शिंपी त्यांचं माप घेताना नुसता हसायचा आणि न विचारता बाहीला चार बोटं कापड जास्त सोडायचा. आज त्याच बाहीत दोन दंड मावले असते.

“भीती वाटतेय का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“भ्या कसलं? दंडाकडं बगत हुतो.”

दाराजवळच्या बाकावर त्यांची बायको हरणाबाई बसली होती. ती तिथूनच म्हणाली, “खोटं हाय, डाक्टरीणबाई. काल सांजंपास्नं तीनदा इचारलं मला, सुई केवढी आसती म्हणून.”

डॉक्टर हसल्या. कापसाचा बोळा फिरला, सुई आत गेली, बाहेर आली. लालासाहेबांनी श्वास रोखून धरला होता, तो तसाच राहिला.

“झालं,” डॉक्टर म्हणाल्या.

“येवढंच?”

“एवढंच. आज-उद्या हात दुखेल. थोडी कणकण येईल, ती दोन दिवसांत जाते. लशीचा गुण यायला पंधरा दिवस लागतात. आणि दर साली घ्यायची, पावसाळ्याच्या तोंडावर.”

“म्हंजी आता फ्लू व्हनारच न्हाई?”

“असं मी म्हणणार नाही. होऊही शकतो. पण झाला तरी गेल्या सालासारखं मिरजेला नेऊन नाकाला ऑक्सिजन लावायची पाळी बहुतेक येणार नाही. आणि तुमच्याकडून दुसऱ्याला जायचंही जरा कमी होईल.”

लालासाहेबांनी मान वर केली. मग त्यांनी विचारलं, “ही जी कणकण यील म्हन्ता, ती दुसऱ्याला लागती का?”

“नाही. ती लशीची असते. ती कुणाला लागत नाही.”

“जवळ बसलं तरी?”

“जवळ बसलं तरी.”

“येका तांब्यातनं पानी प्यालं तरी?”

“वस्ताद, गळ्यात गळा घातला तरी लागत नाही,” डॉक्टर पुन्हा हसल्या. हरणाबाई मात्र हसली नाही. तिनं पदर सारखा केला आणि दाराबाहेर, रस्त्यावरच्या उन्हाकडे बघत बसली.

शिराळ्यापासून कोसभरावरच्या गावात लालासाहेबांची तालीम होती. चाळीस वर्षं ते पहाटे उठून लाल मातीच्या हौदात पोरं उतरवत होते. त्यांच्या हाताखालून गेलेली निम्मी पोरं पलटणीत भरती झाली, दोघातिघांनी मोठ्या मैदानांत नाव काढलं, बाकीची आपापल्या उसात राबत होती आणि रस्त्यात भेटली की वस्तादांच्या पायाला हात लावत होती. दुखण्याबद्दल वस्तादांचं मत सगळ्या गावाला पाठ होतं. थंडीताप हा आळशी माणसाचा पाहुणा. अंग मोडून आलं असं कुणी म्हणालं, की ते म्हणायचे, “मोडून आलंय व्हय? मंग मार पन्नास बैठका, सरळ हुतंय.” आणि पोरं मारायची.

त्यांना एकच जिवाचा दोस्त होता. फलटणच्या अलीकडच्या गावचा आकाराम. दोघं बाविशीत असताना साताऱ्याजवळच्या एका मैदानात त्यांची जोड लागली होती. कुस्ती पाऊण तास चालली. ना हा त्याला चीत करी, ना तो ह्याला. शेवटी पंचांनी हात धरून सोडवली आणि बरोबरीचा निकाल दिला. डोक्यापासून पायापर्यंत मातीनं माखलेले ते दोन गडी लिंबाखाली जाऊन बसले. पाण्याचा तांब्या एकच होता. आधी कुणी प्यायचं यावरून पुन्हा जुंपली, ती मात्र हसण्यावारी गेली. त्या दिवसापासून दर साली लालासाहेबांच्या गावच्या माघातल्या यात्रेतल्या कुस्त्यांना आकाराम पंच म्हणून यायचा. दोघं शेजारी शेजारी बसायचे, आणि पाणी एकाच तांब्यातलं प्यायचे.

गेल्या सालच्या यात्रेच्या आदल्या संध्याकाळी लालासाहेबांचं अंग तापलं होतं.

हरणाबाईनं मानेला हात लावून बघितला आणि ती चरकली. “आवं, अंग भट्टीगत तापलंय. उद्या फडात जाऊ नगा.”

“वस्तादच फडात न्हाई म्हणल्यावर मैदान कुनाचं? लोक काय म्हनतील? लालासाहेब थंडीतापानं आडवा झाला?”

“म्हनू द्यात. लोक काय उशाला बसायला येनार हायत?”

त्यांनी ऐकलं नाही. दुकानातल्या दोन गोळ्या घेतल्या, सकाळी फेटा बांधला आणि ते गेले. आकाराम आला, त्यानं नेहमीसारखी मिठी मारली, दोन्ही हात हातात घेतले. दिवसभर दोघं मांडीला मांडी लावून बसले. लालासाहेब पंचाच्या टॉवेलात तोंड खुपसून खोकत होते. हलगीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. आकारामला गेलं.

“लाला, आवाज बसलाय तुजा,” तो म्हणाला.

“वरडून वरडून बसलाय. सकाळपास्नं पोरास्नी वरडतोय,” लालासाहेब म्हणाले, आणि तांब्या तोंडाला लावून त्यांनी तो आकारामच्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी त्यांना श्वास घेता येईना. मुलगा विश्वजीत सुटीवर आलेला होता, त्यानं गाडी करून मिरजेला नेलं. डॉक्टरांनी नाकातला नमुना घेतला, स्वाइन फ्लू निघाला, छातीत न्यूमोनिया झालेला होता. अकरा दिवस ते तिथे होते. त्यांतले चार दिवस त्यांना आठवतही नाहीत. परत येताना गाडी सांगलीच्या पुलावर आली तेव्हा हरणाबाईनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, “आकारामभावजी गेलं. त्यास्नीबी हेच दुखनं झालं. साताऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं हुतं. आज सातवा दिस.”

लालासाहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले. घरी आल्यावर अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडले.

ते तेराव्याला गेले नाहीत, तेव्हा त्यांना उठवतच नव्हतं. वर्षश्राद्धालाही गेले नाहीत, तेव्हा मात्र उठवत होतं. “धाप लागती मला येवढ्या लांब,” ते म्हणाले. आकारामची बायको शालूबाई हिच्याशी ते फोनवर एकदाच बोलले. ती म्हणाली, “तब्येतीला जपा, भावजी.” त्यांनी “व्हय” म्हटलं आणि फोन विश्वजीतच्या हातात दिला.

त्या वर्षात त्यांचं अंग उतरलं ते उतरलंच. तालमीत ते आता हौदाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे. पोरांना एक गोष्ट मात्र नवलाची वाटायची. कुणी शिंकलं, कुणाचं नाक वाहताना दिसलं, की वस्ताद त्याला हौदातून बाहेर काढायचे. एकदा एक गडी अंगात ताप असताना लंगोट लावून आला. त्याला वाटलं, वस्ताद शाबासकी देतील. वस्ताद असे ओरडले की सगळी तालीम थिजली. “घरी जा! आयच्या उशाला जाऊन नीज. ताप उतरल्याबिगर हितं पाय टाकलास तर तंगडं मोडीन!” मग ते बराच वेळ खोकत राहिले.

लस घ्यायचं त्यांनी आपणहून काढलं होतं. हरणाबाईला वाटलं, मिरजेचे अकरा दिवस आठवत असतील. पण दवाखान्यात त्यांनी तांब्याचं विचारलं, तेव्हा तिला काय ते कळलं.

त्या संध्याकाळी दंड सुजून टणक झाला. दुसऱ्या दिवशी अंगात कणकण आली. लालासाहेब सोप्यात बाजेवर पडून होते. हरणाबाई काढा घेऊन आली, पायथ्याशी बसली.

“लय दुखतंय?”

“न्हाई. मुंगी चावल्यागत.”

“मंग कण्हताय कशापायी?”

त्यांनी भिंतीकडे कूस बदलली. हरणाबाई म्हणाली, “एकदा जाऊन या तिकडं. शालूवैनीकडं. सुई टोचून आतलं काय निघत न्हाई.”

गेलं सव्वा वर्ष दोघांनी हा विषय काढला नव्हता. यात्रेच्या आदल्या संध्याकाळी मानेला हात हिनंच लावला होता. तिला सगळं ठाऊक होतं. तिनं एकदाही म्हटलं नव्हतं की मी सांगत होते. त्यामुळे लालासाहेबांना तिच्यासमोर बसायलाही जड जायचं.

“काय सांगू जाऊन?” त्यांनी विचारलं.

“झालं ते.”

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डॉक्टर शिवांजलींना फोन लावला. “डाक्टरीणबाई, मी लालासाहेब. अंगात अजून जरा कसर हाय. मला एका घरी जायाचं हाय. लागत न्हाई न्हवं कुनाला?”

“वस्ताद, आता चौथ्यांदा सांगते. नाही लागत. पण उन्हाचं फार लांब जाऊ नका.”

ते फार लांब गेले. शिराळ्याहून कराड, कराडहून सातारा, साताऱ्याहून फलटणची गाडी. वैशाखातलं ऊन. प्रत्येक स्टँडवर खांबाला टेकून ते आधी धाप जिरवायचे आणि मग पुढच्या गाडीकडे वळायचे. तिन्ही गाड्यांत त्यांनी मनात एकच बोलणं जुळवलं. काय म्हणायचं, कुठून सुरू करायचं, ती रडली तर काय, ती ओरडली तर काय. ओरडली तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

आकारामचं घर गावाच्या कडेला, उसाच्या बांधाला लागून होतं. अंगणात जुनं धोतर पसरून शालूबाई कुरडया घालत होती. सुनेनं, राणीनं, आधी बघितलं. “आत्याबाई, शिराळ्याचं वस्ताद आल्यात.”

शालूबाई उठली. हात धुतले, पदरानं पुसले. त्यांच्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडून गेलं, “आगं बया, केवढं वाळलाय, भावजी.”

तिनं सावलीत घोंगडं टाकलं. पाणी दिलं. त्यांनी तांब्या डाव्या हातानं घेतला. आत भिंतीवर आकारामचा फोटो होता, तो दारातून दिसत होता. लालासाहेब दाराकडे पाठ करून बसले.

“उजव्या हाताला काय झालं?” शालूबाईनं विचारलं.

“सुई घेतली परवा. फ्लूची.”

“आता? दुखनं तर गेल्या सालीच येऊन गेलं की.”

“पुन्यांदा यिऊ नये म्हनून.” ते थांबले. “आन आपल्यापास्नं दुसऱ्याला जाऊ नये म्हनून.”

शालूबाईनं मान हलवली आणि ती पुन्हा कुरडयांकडे वळली. सोऱ्या दाबू लागली. पांढरी वळी धोतरावर गोल गोल पडत गेली. लालासाहेबांनी तीन गाड्यांत जुळवलेलं सगळं बोलणं त्या वेळी कुठल्या कुठे गेलं. राहिलं तेवढं त्यांनी सांगितलं.

“वैनी, मैदानादिवशी मला ताप हुता. आदल्या सांजंपास्नंच. मला ठाऊक हुतं. हरणी जाऊ नगा म्हनत हुती. आकारामनं इचारलंबी, आवाज का बसलाय म्हनून, तर म्या खोटं बोल्लो त्येच्याशी. दिसभर शेजारी बसलो. एका तांब्यातनं पानी पाजलं त्येला. ते दुखनं त्येला म्या दिलं, वैनी. हे सांगायला मला सव्वा वरीस लागलं.”

सोऱ्या थांबला. धोतराच्या कडेला एक चिमणी येऊन बसली होती, शालूबाईनं हात उडवून तिला हाकललं. आत राणीची भांडी वाजत होती, तीही वाजायची थांबली.

“त्यास्नीबी हुती कणकण,” शालूबाई म्हणाली.

“कुनाला?”

“तुमच्या दोस्ताला. आदल्या दिशी. नाक गळत हुतं, अंग मोडून आलतं. म्या म्हनलं, ह्या साली ऱ्हाऊ द्या, फोन करून सांगा. तर म्हनलं, लाला म्हनंल, आकाराम थंडीला भ्याला. माझ्याकडनं आल्याचा काढा करून घेतला, प्यालं आन गेलं.”

लालासाहेब तिच्याकडे बघत राहिले. ती कुरडयांकडे बघत होती.

“खरं सांगताय न्हवं, वैनी?”

“मला काय करायचंय खोटं बोलून?” ती म्हणाली, आणि मग एकाएकी तिचा आवाज चढला. “कुनी कुनाला दिलं ते त्या देवाला ठावं. पर तुमी दोघंबी तसलंच! चाळीस-पंचेचाळीस वर्सं एकमेकाला दावत बसला, मी भ्यालो न्हाई, मी भ्यालो न्हाई. ती कुस्ती सुटली कवा? पंचांनी सोडवली, तुमी कुटं सोडली? आन आमी बाया हिकडं चुलीपाशी काढं उकळत बसलो. हरणाबाई तिकडं, मी हिकडं.”

लालासाहेबांनी मान खाली घातली. त्यांना कुणी असं बोलून पुष्कळ वर्षं झाली होती. ते बोलणं त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

राणी चहा घेऊन बाहेर आली होती. ती सासूपाशी येऊन थांबली, तशी लालासाहेबांनी नजर वर केली. तिनं सासूकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिनं कप लालासाहेबांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि आत गेली.

पुन्हा सोऱ्या फिरू लागला. बऱ्याच वेळानं शालूबाई नेहमीच्या आवाजात म्हणाली, “ती सुई बाईमानसालाबी देत्यात का?”

“देत्यात. हरणी फुडच्या आठवड्यात घेनार हाय.”

“मंग फलटणला इचारते. मी घेते आन ह्या राणीलाबी द्यायला सांगते. तिला जरा धाप लागती ऊस तोडायच्या दिसात.” मग म्हणाली, “जेवल्याबिगर जायाचं न्हाई. आमटी हाय, भाकरी टाकते.”

ते जेवले. डाव्या हातानं जेवताना भाकरी नीट मोडत नव्हती. निघताना आत जाऊन ते आकारामच्या फोटोसमोर उभे राहिले. फोटो अलीकडचाच होता, फेटा बांधलेला, गालफडं बसलेली. आपला दोस्त एवढा म्हातारा झाला होता हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

शालूबाई रस्त्यापर्यंत आली. “फुडच्या माघात यात्रा हाय न्हवं तुमची? मैदान भरवा. बंद करू नगा त्येंच्यापायी,” ती म्हणाली. गाडी आली, तशी ती वळून चालू लागली. कुरडया उन्हात उघड्या टाकून आली होती.

साताऱ्याची गाडी निम्मी रिकामी होती. लालासाहेब खिडकीशी बसले. दोन्ही बाजूंना ऊस मागे पळत होता. शालूवहिनी खरं बोलली की त्यांच्यावर दया केली, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. राणीनं तोंड उघडून मिटलं होतं, ते त्यांनी बघितलं होतं. पण आकाराम कसा होता हेही त्यांना ठाऊक होतं. काढा पिऊन, नाक पुसून, हसत हसत तो आला असता. नक्की आला असता. त्याच्या जागी ते स्वतः असते तर तेही असंच करून आले असते. केलंच होतं की.

मग ते आठवू लागले. फडाच्या तोंडाशी आकारामनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले होते. ते हात कसे होते? गरम होते का? त्यांनी डोळे मिटून तो दिवस पुन्हा पुन्हा समोर आणला. हलगी ऐकू आली, गुलाल दिसला, आकारामचे दात दिसले. हातांचं काही आठवेना. त्या दिवशी त्यांना सगळंच गार लागत होतं. तांब्या, माती, पोरांची अंगं, भर दुपारची हवासुद्धा. ज्याच्या अंगात ताप असतो, त्याच्या हाताला दुसऱ्याचा ताप कळत नाही. आकारामला ताप होता का, हे त्यांना कधीही कळणार नव्हतं, आणि ते विचारायचं ज्याला, तो नव्हता.

गाडी घाटाला लागली, तसा त्यांनी तोल सावरायला समोरच्या सीटची दांडी धरली. खिडकीतलं ऊन दिवसभर तिच्यावर पडलं होतं. दांडी चांगलीच गरम लागली. म्हणजे आपलं अंग आता निवलं, एवढं त्यांना समजलं. त्यांनी हात काढून घेतला नाही.